पाखरांनी ठेवलं तेवढं

केळीच्या बागेतून हिवाळ्यातल्या सकाळी चालत गेलं की एक ओला, कोंदट, किंचित आंबूस वास अंगाला चिकटतो. कुजत चाललेल्या पानांचा, भिजलेल्या काळ्या मातीचा, ठिबकच्या नळ्यांतून झिरपलेल्या पाण्याचा. दोन्ही बाजूंनी पानं इतकी दाटीने वाकलेली असतात की उजेडसुद्धा हिरवा होऊन खाली उतरतो आणि दव टपटपत पदरावर पडत राहतं. मग एकाएकी बाग संपते, आभाळ उघडतं, आणि समोर आमचा तो ज्वारीचा तुकडा उभा असतो, कोवळ्या उन्हात भरली कणसं मिरवत. रावेरच्या अलीकडच्या आमच्या शिवारात नजर पोचेल तिथवर केळी आणि कपाशी. ज्वारी म्हणाल तर एवढीच. मी हातातला तेलाचा रिकामा डबा खाली ठेवते, श्वास घेते आणि मनात म्हणते, देवा, आज तरी ती आलेली नसू देत. ती अर्थातच आलेली असतात. माझी चाहूल लागताच पाखरांचा भला मोठा थवा फडफडत उठतो, हवेत एक वळण घेतो आणि चार पावलांवर पुन्हा उतरतो. मग मी डबा उचलते आणि बडवायला लागते.

रविवारी माणसं उशिरा उठतात म्हणे. उठत असतील बापडी.

हे सगळं सुरू झालं ते नानांच्या ताटापासून. नाना म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर त्यांनी केळी पिकवली. घड खांद्यावरून वाहताना पडलेला चिकाचा काळा डाग त्यांच्या कुठल्याच सदऱ्यावरून कधी गेला नाही. मागच्या वर्षीच्या आजारपणानंतर आम्ही त्यांना जळगावला, मेहरूणमधल्या आमच्या घरी घेऊन आलो. आजार सरला, पण जाताना त्यांची भूक घेऊन गेला. ताट समोर आलं की ते भाकरीचा तुकडा मोडत, नाकाशी नेत आणि परत ठेवून देत. "हिले वास नाही व सूनबाई," एवढंच म्हणत. रागाने नव्हे; उलट माझीच समजूत काढावी अशा सुरात. त्यांना हवी होती दादर, खानदेशातल्या काळ्या रानात नुसत्या ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी, लहानपणी त्यांच्या घरात कणगी भरून असायची ती. बाजारातून मी दादर म्हणून आणली ती ज्वारी त्यांनी एका घासात नापास केली. दुसऱ्या दुकानातली आणली, तीही. डॉक्टर म्हणाले, जे गोड लागेल ते खाऊ घाला. इकडे नानांच्या मनगटावरचं घड्याळ सरकत सरकत कोपराकडे जायला लागलं होतं.

आमच्या ह्यांचा स्वभाव असा की घरात एक दिवा लावायचा म्हटलं तर हे अख्ख्या गल्लीत दिवाळी करतील. वडलांना आपल्या मातीतली भाकरी हवी, एवढ्या साध्या गोष्टीवरून ह्यांनी जाहीर करून टाकलं की यापुढे घरात सगळंच आपल्या भागात पिकलेलं खायचं. जळगाव आणि धुळे, एवढाच परीघ. बँकेतून आल्यावर चहाचा कप हातात घेऊन त्यांनी हे सांगितलं. मी विचारलं, "आणि हा चहा कुठल्या तालुक्यात पिकला?" ह्यांनी एकदा कपात बघितलं. मग चहाला माफी मिळाली. मिठालाही मिळाली. बाकी कशालाच नाही.

कल्पना वाईट नव्हती, हे मी मान्य करते. हिवाळ्यात तर तिला तोडच नव्हती. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचा धुरकट वास, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात. अशा जेवणापुढे कोण काय बोलणार? पण वर्षाला हिवाळा एकच असतो. बाकीच्या दिवसांत पाचोऱ्याच्या घाण्यावरून तेल आणायचं, दोंडाईचाची मिरची निवडून, उन्हं दाखवून कुटून घ्यायची, तूर भरडायची, डाळ पाखडायची, उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या घालायच्या, आणि हे सगळं शाळेतली नोकरी सांभाळून. घोषणा ह्यांची, आणि चाळणी माझ्या हातात. मेहरूणच्या तलावाकाठी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणी कौतुकाने म्हणायच्या, "किती छान हो, तुमच्याकडे सगळं लोकल!" मी हसायचे. बोलायचं त्राण असतं तर म्हणाले असते, बाई गं, या एकदा, माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून बघा.

तांदूळ मात्र सहज आला, कारण तो माझ्या माहेरचा. पिंपळनेरकडच्या डोंगरउतारावर माझा भाऊ भात लावतो. त्याने पोतं एसटीवर चढवलं आणि फोन केला, "ताई, तांदूयसंगे थोडी नागली बी धाडेल शे, बठ्ठी तुन्हासाठेच." सगळी माझ्यासाठी म्हणून आलेली ती नाचणीची गाठोडी उघडून मी क्षणभर बघितली, तांबूस, मोहरीएवढे दाणे. पण या घरात काळसर भाकरी कोणी ताटात घेत नाही, आणि एकटीसाठी वेगळं पीठ कोण मळणार? उद्या करू, परवा करू म्हणत ती डब्यात राहिली आणि पावसाळ्यात तिला कीड लागली. मी ती गच्चीवर पसरून आले. चिमण्यांनी खाल्ली असेल.

दादरचं काही जमेना तेव्हा ह्यांनी आणि माझ्या धाकट्या दिराने मिळून ठरवलं की आपणच पेरू. दीर गावीच असतो, सगळी शेती तोच बघतो. विहिरीच्या पलीकडची केळीची जुनी खोडं काढून टाकली होती, तेवढा तुकडा घरापुरता ठेवला आणि पावसाळा सरताना पेरणी झाली. पीक असं आलं की बघत राहावं. पोटऱ्या फुटल्या, कणसं बाहेर पडली, दाण्यात दूध भरलं. ह्यांनी फोटो काढून नानांना दाखवला. नाना बराच वेळ त्या पडद्यावर बोट फिरवत राहिले, आणि त्या दुपारी त्यांनी नुसतं वरण का होईना, वाटीभर प्यायलं. आणि मग पाखरं आली.

आम्ही सगळेच कसे विसरलो, याचं मला अजून नवल वाटतं. ज्वारी पेरली की राखण आलीच, मचाण आलं, गोफण आली, हे नानांनी लहानपणी स्वतः केलेलं काम. पण केळीच्या घडावर चिमणी बसून काय करणार? दोन पिढ्या केळीत गेल्या आणि दाणा राखावा लागतो ही गोष्टच आमच्या घराच्या डोक्यातून पुसली गेली. त्यात पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, पाखरं सगळ्यांच्या रानात वाटली जायची. आता पंचक्रोशीत दाणा फक्त आमच्याकडे. पंचक्रोशीतल्या सगळ्या चोची आमच्याकडे आल्या, त्यात त्यांचं काय चुकलं? दिराने कपाळावर हात मारला. "वहिनी, केयीले कोनी राखन ठेवतं का? ध्यानातच नाही आलं!" त्याच्या तर केळीच्या कापणीचे दिवस होते, बांधाला ट्रक लागलेले, त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आठवड्याचे दिवस जाऊबाई आणि एक म्हातारे गडी कसेबसे काढत. बँकेला सुट्टी असेल त्या शनिवारी हे जात. रविवार माझ्या वाट्याला आला.

आणि संध्याकाळी मी घरी परतले, चपला काढल्या, की आतल्या खोलीतून नानांचा आवाज येई, "किती राह्यली?"

"पुरेल," मी म्हणायचे.

त्या पाखरांत साळुंक्या होत्या, पोपट होते, चिमण्या तर होत्याच. पण खरा फडशा पाडला तो भोरड्यांनी. काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या, दिसायला मोठ्या देखण्या. दर हिवाळ्यात या कुठल्या कुठल्या परदेशातून येतात, असं आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सांगतात. ते ऐकून मला हसूच फुटलं. आम्ही आपल्या मातीतलं खायचं म्हणून आटापिटा करतोय, आणि ताटावर आधी बसले ते परदेशचे पाहुणे!

एक रविवार मात्र असा उगवला की माझ्यात काही उरलंच नव्हतं. आदल्या दिवशी शाळेत स्नेहसंमेलन होतं, उभं राहून राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या, घसा बसला होता. मी डबा बडवला, ओरडायला गेले तर तोंडातून नुसती हवा निघाली. थवा उठला आणि बसला, पुन्हा उठला आणि पुन्हा बसला. मग मी डबा बाजूला ठेवला आणि बांधावर बसून राहिले. ऊन हळूहळू चढत होतं, ज्वारीच्या वाळत चाललेल्या ताटांचा गोडसर वास येत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती पाखरं खात होती. किती मन लावून खात होती! एकेक दाणा चोचीत धरत, फिरवत, टरफल उडवत. मला रडू आलं. पाखरांचा राग नव्हता तो. घरातल्या सगळ्यांचा होता. आजारी माणसाचा येऊ नये, तरी नानांचाही होता. सगळ्यांना काय हवंय ते मला पाठ होतं, आणि मी काय करतेय, हे कुणी विचारलंही नव्हतं. पलीकडच्या वाटेने केळीचे घड भरलेला ट्रक डुलत डुलत उत्तरेकडे निघाला होता. आमच्या मातीचं फळ कुठल्या तरी लांबच्या शहरात जाऊन पिकणार, लांबच्या आभाळातली पाखरं आमची ज्वारी खाणार, आणि मी, पिंपळनेरच्या डोंगरातली, इथे या काळ्या रानात दुसऱ्याच्या भाकरीची राखण करत बसलेली. इथलं म्हणजे नेमकं कुठलं, हे मला त्या उन्हात काही केल्या सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने मी डोळे पुसले आणि डबा उचलला.

शेवटी पाखरांनी ठेवलं तेवढं आम्ही कापून आणलं. जाऊबाईंनी आणि मी ते काठीने झोडपलं, वाऱ्यावर उपणलं, आणि जे निघालं ते एका गोणीत घालून वर गोणीचं बरंच तोंड बांधायला शिल्लक राहिलं. जाऊबाई माझ्याकडे बघून हसल्या आणि मीही हसले. आता हसण्याशिवाय हातात काय होतं?

जळगावला आल्यावर मी गिरणीवाल्याला आधीचं पीठ झाडून घ्यायला लावलं आणि दळण समोर उभं राहून दळून घेतलं. घरी येऊन परात घेतली, गरम पाणी घातलं, पीठ मळायला लागले, आणि तो वास उठला. खरंच उठला. पावसानंतर उन्हात वाळत पडलेल्या भुईचा, थोडा दुधाचा, थोडा गवताचा. नाना आतून भिंतीला धरून धरून आले आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीवर बसले. तव्यावरची भाकरी मी विस्तवावर टाकली, ती टम्म फुगली, आणि तशीच त्यांच्या ताटात ठेवली. हे दाराशी उभे होते. नानांनी पापुद्रा उचकटला, आतली वाफ नाकात भरून घेतली आणि डोळे मिटले. "हेच," ते म्हणाले.

मग ते जेवले. किती जेवले? चतकोर. एक पूर्ण हिवाळा, ते सगळे रविवार, तो बसलेला घसा, आणि चतकोर भाकरी. पण ती त्यांनी तेल-तिखटाशी असं सावकाश चावून खाल्ली की त्या चतकोरात त्यांचं पोट खरंच भरलं असावं. गेल्या वर्षात त्यांना इतकं सुखाने जेवताना मी पाहिलं नव्हतं. ह्यांनी डोळे टिपले आणि उगीचच पाण्याचा तांब्या भरायला गेले.

नानांनी बोटं पुसली. उरलेली भाकरी त्यांनी ताटासकट माझ्याकडे सरकवली. मला वाटलं, उचलून ठेवायला सांगतायत. पण ते माझ्याकडे बघत राहिले, जरा अवघडल्यासारखे, आणि म्हणाले, "तुले कोनती भाकर गोड लागते व?"

या घरात मी सून म्हणून आले तेव्हापासून माझ्या हाताखालून किती पीठ गेलं असेल! आणि हा प्रश्न मला कुणी पहिल्यांदा विचारत होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नागली, एवढंच म्हणायचं होतं. पण नुसतं नाव सांगून काय सांगितल्यासारखं होणार होतं? ते विचारत होते तशी, नाकाशी धरल्यासारखी, ती मला आठवून सांगायची होती. मी डोळे मिटले. आईची चूल दिसली, डोंगर दिसला, तव्यावरची ती काळसर चकती दिसली. वास काही केल्या आला नाही.

तव्यावरची दुसरी भाकरी करपायला लागली होती. मी ती उलटली. नाना अजून उत्तराची वाट बघत खुर्चीवरच बसून होते.