एउदोसियामावशीच्या पाठीवरचे बेडूक

एउदोसियामावशी विद्यापीठात नवख्या प्राध्यापकांचे संशोधन-अनुदानाचे अर्ज तपासते, आणि तपासता तपासता त्यांना बडवते. घरी मी तिची नक्कल करते, तेव्हा आजीसुद्धा डोकं झाकून घेते.

प्राध्यापकांच्या संपाच्या तिसऱ्या दिवशी नवखा एल्मर क्कोरी अर्जाची चौऱ्याऐंशी पानं घेऊन आला. विषय : आपल्या तलावातले बेडूक का मरतात. पुढच्या महिन्यात त्याला छत्तिसावं लागणार, आणि तरुणांचं हे अनुदान पस्तिशीपर्यंतच. मुदत त्याच दुपारी एकची.

मावशीनं फाइल उघडली आणि त्याच्याच कानशिलात हाणली.

"पहिल्या पानावर एक? अरे गाढवा, आकडे शेवटच्या पानापासून पुढं येतात! या देशात आजच उतरलास का?"

"मावशी, मी परदेशात शिकलो, तिकडं..."

"मग बेडूकही तिकडचेच मोजायचेस!"

पानं पुन्हा छापली, उलटे आकडे हातानं घातले. पाऊण वाजला. सरकारी खिडकी रस्त्यापलीकडं उघडी होती, पण मधे संपवाले, एक कागदही पुढं जाऊ न देणारे. संप मोडणाऱ्यासाठी हातात चामडी चाबूक.

मावशीनं फाइल चादरीत गुंडाळून बाळासारखी पाठीला बांधली. एल्मर आणि मी मागोमाग.

"वाट द्या रे, लेकरू आहे."

"लेकराला कोपरे कधीपासून फुटले?" इतिहासाचा रुफिनो ओरडला आणि चाबूक ओढला. एक, दोन, तीन. चादर फाटली, मावशीचे खांदे सोलवटले. एल्मर मधे पडला, तर कुणाच्यातरी दगडानं त्याची भुवई फोडली. चौथ्याला मावशीनं चाबूकच धरला, रुफिनोला खाली ओढलं आणि छातीवर गुडघा रोवला.

"तुझा अर्ज कुणी मार्गी लावला होता रे, मेल्या?"

"तु... तुम्हीच, मावशी."

तिनं त्याच्या ओठावर ठोसा घातला. बाकीचे आपोआप बाजूला झाले. त्यांचेही अर्ज तिनंच मार्गी लावले होते.

खिडकीतला कारकून नाकातून म्हणाला, "वरचं पान फाटलंय, बाई."

"आकडा शाबूत आहे ना?"

"चौऱ्याऐंशी. आहे."

"मग मार शिक्का!"

एकला तीन मिनिटं होती. शिक्का बसला आणि एल्मर रक्ताळल्या तोंडानं तिथंच फरशीवर बसून हसला.

संध्याकाळी मावशी पालथी पडून माझ्या तोंडून कारकून ऐकत होती; हसली की कळवळायची. तेवढ्यात दार वाजलं. सुजल्या ओठाचा रुफिनो, काखेत स्वतःची नवी फाइल.

मावशीनं मान वळवली. "आकडे?"

"मागून पुढं, मावशी."

"ये आत."