घट्ट दाबलेली माती

आमच्या बेळगुंदीच्या परड्यातली तांबडी माती पाणी प्यायली की वरून शेणानं सारवल्यासारखी चोपून बसते. पाणी आत जात नाही, मुळांना वारा मिळत नाही आणि झाड उभ्या उभ्या कुढतं. हे कळायला शाळा लागत नाही, पण शेजारणींना शेवटपर्यंत कळलं नाही. वांगी पिवळी पडली की त्या आणखी दोन घागरी ओतायच्या. मी म्हणायची, "अगं, बुडवून मारतीस व्हय त्यास्नी?"

मी वाफसा येऊ द्यायची. मुठीत दाबलेलं ढेकूळ हाताला न चिकटता फुटलं, की खुरपं घ्यायची. बुंध्यापासून वीतभर लांब जरा खोल, बुंध्याजवळ नुसत्या बोटांनी, मूळ दुखावू न देता. माझी वांगी बेळगावच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांचे बटलर निवडून न्यायचे. त्याचा मला माज होता, तो मी लपवत नसे.

त्या पावसाळ्यात माझी मुलगी तापानं गेली. पहिलीच. दात यायचे होते. दात न आलेलं लेकरू आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. परड्याच्या कडेला, चिंचेखाली तिला ठेवलं. वरची माती आमच्या मालकांनी, तिच्या बापानं, पायांनी तुडवून घट्ट केली, बाभळीच्या फांद्या टाकल्या, दगड ठेवला. कोल्ही उकरतात, म्हणून असंच करायचं असतं. मला ते माहीत होतं. तरी त्यांचे ते पाय मला बघवेनात, आणि पुढं कित्येक दिवस मी त्यांना ताट वाढलं पण त्यांच्याशी बोलले नाही.

दिवाळीनंतर फांद्या काढून, वरवर बोटभर उकरून मी तिथं मोगरा लावला. तो काही धरेना. पानं पिवळी, नवा फुटवा नाही. सगळे वाफे मी भुसभुशीत करायची आणि चिंचेपाशी आले की खुरपं खाली ठेवायची.

सासूबाई म्हणाल्या, "जरा हलीव की गं माती. वाळंल ते."

"माझा हात जात न्हाय, आत्ती," मी म्हणाले.

एका दुपारी मी भाकरी घेऊन मागं गेले, तर मालक मोगऱ्यापाशी उकिडवे बसले होते. खुरपं नव्हतं. नखांनी, कणाकणानं माती मोकळी करत होते. नखांतून रक्त आलं होतं. मला बघून ते थांबले नाहीत.

"लई घट्ट दाबली हुती मी," ते म्हणाले. "कोल्ह्याच्या भ्यानं. आत तिचा जीव घुसमटत असंल, असं रोज वाटतंय बघ."

मी भाकरी दगडावर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा एकमेकांसमोर रडलो.

उशीर झाला होता. उन्हाळ्यात मोगरा वाळलाच. मालकांनी तो उपटून टाकला. तिथं दुसरं काही लावायचं नाही, हे आम्हाला बोलून ठरवावं लागलं नाही. पण पाऊस होऊन वाफसा आला, की वांग्यांच्या आधी आम्ही दोघं चिंचेखाली जाऊन बसायचो आणि तेवढी रिकामी जागा बोटांनी मोकळी करायचो.