घंटाबाईंची लेक

कधीकाळी शाळा असलेल्या त्या दगडी इमारतीत आता शाळेचंच संग्रहालय आहे. तिथे येणाऱ्या मुलांना जुनी शाळा दाखवणं ही घंटाबाईंची नोकरी. हातात पितळी घंटा घेऊन त्या दारात उभ्या राहतात, म्हणून मुलांनी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं.

घोकलेली माहिती सांगणं त्यांना जमत नाही. त्या थेट शाळाच भरवतात. मोठ्या दालनाच्या फरशीत लोखंडी पट्ट्यांची अर्धवर्तुळं बसवलेली आहेत. मास्तर एकच आणि पोरं ढीगभर, अशी तेव्हाची गत. मग मास्तरांनी आधी मोठ्या मुलांना धडा शिकवायचा आणि त्या मुलांनी एकेका अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या लहानांना. घंटाबाई पाहुण्या वर्गातून असे मॉनिटर निवडतात, त्यांच्या हाती तक्ता दाखवायची काठी देतात आणि घंटा वाजवतात. मग दालनात नुसता कालवा.

इतक्या मुलांना बोलतं करणाऱ्या बाईंची स्वतःची लेक मात्र शाळेत तोंड उघडत नव्हती. घरी अखंड बडबडणारी मनी सातवीत गेली आणि वर्गात तिची दातखीळ बसली. "पेपर छान लिहिते हो, पण काही विचारलं की मान खाली," असं तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, तेव्हापासून बाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्यात मनीच्याच वर्गाची सहल संग्रहालयात यायची ठरली.

"आई, मला उभं करायचं नाही हं," मनीने आदल्या दिवशीच बजावलं. "माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"बरं बाई, नाही बघत."

सहल आली. "कोण होणार मॉनिटर?" म्हटल्यावर भराभर हात वर झाले. शेवटच्या अर्धवर्तुळासाठी मात्र कुणी पुढे येईना. बाईंना वाटलं, हीच वेळ. एकदा काठी हातात आली की भीती पळेल. आणि ही मुलं काय परकी आहेत?

"मनी, तू ये."

मनी आली. काठी घेतली. तक्ता झाडांच्या पानांचा होता आणि तिला तो पाठ होता. तिने पहिल्या चित्रावर काठी टेकवली आणि तशीच उभी राहिली.

"चार्जिंग संपलं वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

बाईंच्या ओठांवर त्या पानाचं नाव आलं होतं. सांगावं की गिळावं, ते त्यांना ठरेना. तेवढ्यात मनीने काठी शेजारच्या मैत्रिणीला दिली आणि ती गुपचूप अर्धवर्तुळात जाऊन उभी राहिली.

रात्रीची जेवणं झाली तरी मनी बोलेना. शेवटी बाईच म्हणाल्या, "चुकलं माझं. शब्द दिला होता."

"सगळ्यांना विचारलंस, कोण होणार म्हणून. माझं नाव मात्र सरळ घेतलंस," मनी म्हणाली. "आणि ते मास्तर आधी शिकवायचे ना मोठ्या मुलांना? मग उभं करायचे. तूच सांगतेस की रोज."

हे वाक्य बाईंनी इतक्या पोरांना ऐकवलं होतं, स्वतः कधी नीट ऐकलं नव्हतं. मनीला पानं येत होती. चारचौघांत बोलायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. सगळ्यांनी नुसतं बोल, बोल म्हटलं होतं.

"मग शिकूया? आपण दोघीच?"

"कुणी नसेल तर."

संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी चौकीदाराने त्यांना कुलूप काढून दिलं. "बाई, आज कुठला वर्ग?"

"माझाच. मी विद्यार्थी."

बाई अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या. मनी काठी टेकवून काहीतरी पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

"विद्यार्थ्यांनी मधे बोलायचं नाही," मनी म्हणाली, जरा मोठ्याने.

आवाज ऐकून चौकीदार दारात आला. मनी थबकली. बाईंनी घाई केली नाही. "काका उभे राहिले तर चालेल?"

मनीने बराच विचार केला. "चालेल. पण मागे."

चौकीदार निमूट मागे उभा राहिला आणि पहिलंच पान चुकला. मनीने त्याला ते नाव तीनदा म्हणायला लावलं.

वर्गात ती अजून बोललेली नाही. पुढच्या सुट्टीला मात्र मैत्रिणीला आणणार आहे. तिघांच्या वर एकही विद्यार्थी घेणार नाही, असं आत्ताच बजावून ठेवलंय.