नदी दडते ती जागा

आमची नदी मोठी नाही. लाल दगडाचा माळ जिथं संपतो तिथं एका उंबराच्या मुळातनं ती पाझरते. आधी नुसती ओल, मग करंगळीएवढी धार. दगडाखाली खेकडे, दगडावर शेवाळ. दुपारी चतुर पाण्याला शेपूट टेकवत हिंडतात. निरगुडीतनं खाली येता येता ती घोट्याएवढी होते, अन् माझ्या बांधापाशी आली की एका कपारीत शिरते. गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. पुढं नुसते कोरडे गोटे.

माझी बायको म्हणायची, "ती संपत न्हाई. खालून चालत माझ्या माहेराला जाती." टेकडीपलीकडं तिच्या गावाला एक झरा आहे. तो म्हणजे हीच, असं तिचं म्हणणं.

"पोरगी दिली मनून आता पाणी बी मागायलेत व्हय तुझ्या गावचे?"

"कुणी मागायलंय? आपल्या पायानं जायलीय ती. मला तर तुमी सोडत न्हाईत. पाणी तरी जाऊ द्या."

एकदा म्हणाली, करडईची फुलं कपारीत टाका, मी तिकडं जाऊन बसते, येतात का बघू. मी म्हणालो, "येडी हाइस का?" माहेराला जायचं निमित्त काढायलीय असं वाटलं. असंल निमित्त. काय बिघडलं असतं माझं?

ती वारली त्याला दोन पावसाळे झाले. यंदा करडई फुलली तशी काटे टोचून घेत ओंजळभर पाकळ्या खुडल्या अन् कपारीत सोडल्या. पाण्यानं त्या गोल गोल फिरवल्या, मग आत नेल्या. मी चालत टेकडी ओलांडली.

झऱ्याखाली मेहुणी धुणं धुवत होती.

"दाजी! अक्का होती तवा जीपनं बी आला न्हाईत. आता पायी आलाव?"

कशाला आलो ते सांगितलं. ती हसली नाही. धुणं बाजूला सारून माझ्याजवळ दगडावर बसली. झऱ्याच्या तोंडाशी वाळू उकळल्यासारखी हलत होती. बारके मासे उन्हाच्या तिरपीत एका जागी थरथरत होते. बघता बघता मला वाटलं, बायकोच खालून येत असंल, अंधारातनं, पदर सावरत, थांबत थांबत. तिला चालायची घाई कधीच नव्हती. ऊन कललं. काहीच आलं नाही.

"जावा दाजी. मी बघते सकाळी."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "पिवळं आलंय बघा. तोंडालाच अडकलंय."

तिच्या रानात बी करडईच आहे, मला ठाऊक आहे. मी विचारलं नाही.

कपारीपाशी जाऊन बसलो. पाणी आत जायलं होतं.

"व्हय, तुझंच खरं," म्हणालो. "जा. चार दिवस ऱ्हा निवांत."