त्यांच्या रागावर औषध मिळेल का?

मागच्या वर्षी एका सकाळी मी मंजिरीबरोबर कान्पोच्या दवाखान्यात गेले होते. कान्पो म्हणजे चीनमधून आलेलं आणि इथे जपानमध्ये रुळलेलं जुनं वैद्यक. (मंजिरीचं नाव बदललंय, आणि तिला विचारूनच लिहितेय.)

मंजिरी आमच्याच बिल्डिंगमधली, टोकियोतल्या हिगाशी-कसाईत. नवरा आयटीत, मुलगी बालवाडीत. तिला जपानी फारसं येत नाही, म्हणून दुभाषी मी.

तक्रार एकच... घशात काहीतरी अडकलंय, गिळलं तरी जात नाही. नाकातून कॅमेरा घालून झाला, पोटाची एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल. नवऱ्याने निकाल देऊन टाकला होता, "नाटकं आहेत."

डॉक्टर साठीच्या बाई, मूळच्या चीनच्या. त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाल्या, "जुन्या पुस्तकांत याला उमेची, त्या आंबट फळाची, बी म्हणतात. घशात बी नसते, पण अडकल्याचं जाणवतं ते खरं असतं. मनात कोंडलेलं कुठेतरी अडतं, असं आम्ही मानतो."

मी मराठीत सांगितलं. कुणीतरी 'खरं' म्हटलं, एवढ्यानेच तिचे डोळे भरले.

कान्पोत पोट दाबूनही तपासतात. तिने कुर्ता वर घेतला... बरगड्यांखाली डाग. काही पिवळे पडलेले, एक चांगला काळानिळा. डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी हलकेच कुर्ता खाली केला आणि खुर्ची जवळ ओढली.

"घरी कुणाची भीती वाटते?"

मंजिरीने कुर्ता आणखी खाली ओढला. मग मला म्हणाली, "ताई, त्यांना सांग, आमचे हे माणूस म्हणून वाईट नाहीत. स्वभाव रागीट आहे. सासरेही तसेच होते म्हणे." थोडं थांबून म्हणाली, "या डॉक्टरांच्या वैद्यकात राग यकृतात असतो ना? मी वाचलंय. मग त्यांच्या रागावर औषध मिळेल का? मी चहातून देईन, त्यांना कळणारही नाही."

मी ते तसंच जपानीत सांगितलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. "हो, राग आम्ही यकृताशी जोडतो. पण यकृत बिघडलेला माणूस सगळीकडे चिडतो. ट्रेनमध्ये, दुकानात, साहेबावरसुद्धा. तुमचे मिस्टर ऑफिसात कुणाच्या अंगावर धावून जातात?"

"छे! ऑफिसात तर सगळे त्यांना शांत म्हणतात."

"साहेब ओरडला तर?"

"ऐकून घेतात."

"म्हणजे राग कुठे काढायचा आणि कुठे नाही, ते त्यांना नीट कळतं. हा आजार नाही. यावर माझ्याकडे औषध नाही."

मी सांगितलं. मंजिरी म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं.

"म्हणजे त्यांना थांबता येतं," ती म्हणाली. "माझ्यापाशी थांबत नाहीत." याचं भाषांतर मला करावं लागलं नाही. डॉक्टर तिच्या चेहऱ्याकडेच बघत होत्या.

त्यांनी डागांची नोंद केली. मंजिरीला पुड्या दिल्या, पण बजावलं की रोज भीती वाटत असेल तर नुसतं औषध पुरणार नाही. वॉर्ड ऑफिसात अशा बायकांसाठी सल्ला मिळतो, फोनवर दुभाषीही मिळतो. औषध मुद्दाम एकाच आठवड्याचं दिलं. "घरी सांगा, डॉक्टरांनी दर आठवड्याला बोलावलंय."

मग आम्ही दर आठवड्याला निघायचो... आधी दवाखाना, तिथून वॉर्ड ऑफिस. सगळ्यात मोठी भीती व्हिसाची होती. तो नवऱ्याच्या नोकरीवर, म्हणजे आपल्याला परत पाठवतील, मुलगी हातची जाईल. वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी एकेक गोष्ट न कंटाळता समजावली, मारहाणीमुळे घर सोडलं तर व्हिसा लगेच जात नाही हेही.

एके दिवशी मंजिरीने मुलीला बालवाडीतून घेतलं आणि घरी गेलीच नाही. कुठे गेली ते मलाही सांगितलं नव्हतं. तेच बरोबर होतं.

संध्याकाळी तिचा नवरा आमच्या दारात. दार माझ्या नवऱ्याने उघडलं. "वहिनींना काही बोलली का हो ती?" आवाज इतका मऊ, इतका अदबशीर... मी आत उभी राहून ऐकत होते. डॉक्टरांचं म्हणणं मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

आता मंजिरी दुसऱ्या शहरात आहे. बेन्तोचे, म्हणजे तयार जेवणाचे, डबे भरायच्या कारखान्यात काम करते. कोर्टाचं चालू आहे, सोपं काहीच नाही. मुलगी आईच्या जपानीतल्या चुका काढते, आणि आई चुका करत बोलते.

परवा तिचा फोन आला. "ताई, आज मी सुपरवायझरवर चिडले! सुट्टी कबूल करून ऐन वेळी शिफ्ट लावली. नाही म्हटलं... चांगलं जोरात म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही गं. तो सॉरी म्हणाला. चिडले, आणि काहीच झालं नाही."

हे सांगताना ती हसत होती आणि मध्येच तिला रडूही येत होतं.

उद्या डॉक्टरांना भेटून हे सांगणार आहे. 'चिडले, आणि काहीच झालं नाही' हे जपानीत कसं म्हणावं, की त्यात तिचा तो आनंदही येईल... सकाळपासून तेच जुळवत बसलेय.