इंजिनियर चपला काढतायत

कंप्युटर दुरुस्त करणाऱ्यांकडे इतके किस्से का साठतात, सांगू? कारण घरोघरी पहिलं वाक्य एकच असतं, "मी काहीच केलं नाही, आपोआप आलं." मग चहा पुढे ठेवताना हळूहळू बाहेर येतं की काय काय केलं. स्क्रीनवर एक लाल डबा उघडतो. तुमच्या कंप्युटरमध्ये ढिगाने व्हायरस सापडलेत म्हणतो, पैसे भरा, मी काढून देतो म्हणतो. खरं तर तो डबाच व्हायरस! त्या वर्षांत उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत तो घरोघरी पोचला होता, आणि त्याच्या मागोमाग मी.

मी म्हणजे परसूशेठच्या दुकानातली सुजाता. दुकान उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. मला ठेवलं होतं काउंटरवर, माऊस-कीबोर्ड विकायला. घरोघर जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला अंधेरीला नोकरी लागली, तो गेला आणि त्याची बॅग कोपऱ्यात पडून राहिली. ती मी उचलली. शेठ म्हणाले, "ठीक है, ले जा. लेकिन एक भी कम्प्लेंट आया तो बॅग वापस, और तू वापस काउंटर पे."

मला काउंटरवर परत जायचं नव्हतं. काहीही झालं तरी नव्हतं.

*

बॅग घेऊन पहिल्यांदा गेले ती बदलापूरला, कात्रपमध्ये. एका शाळेतल्या सरांचं घर. सरांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहायला लागले. जिन्यात कुणीच नव्हतं.

"इंजिनियर कुठायत?"

"चपला काढतायत," मी म्हटलं. चपला काढल्या आणि आत गेले.

सर तासभर माझ्या मागे उभे होते, परीक्षेच्या हॉलमध्ये उभं राहतात तसे. लाल डबा गेला तेव्हा म्हणाले, "बरोबर आहे." जणू उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

*

उल्हासनगरचेच एक कापडाचे व्यापारी, वासूभाई. मी पोचले तेव्हा ते कंप्युटरपुढे मांडी घालून बसले होते आणि मोठ्या खुशीत होते. लाल डबा पैसे मागत होता. वासूभाई तो बंद करत होते, तो पुन्हा उघडत होता, ते पुन्हा बंद करत होते.

मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणाले, सौदा चाललाय. गिऱ्हाईक दुकानातून उठून निघालं की दुकानदार मागून हाक मारतो, हे त्यांना जन्मापासून माहीत. आणि खरंच, बऱ्याच वेळा बंद केल्यावर डब्याने आपणहून भाव उतरवला होता! मी स्वतः पाहिलं, स्क्रीनवर डिस्काउंट आला होता.

मी समजावलं की हा अँटिव्हायरस नकली आहे, एक पैसाही भरू नका. वासूभाईंचा हात माऊसवरच थांबला.

"नकली है? फिर तो और कम होना चाहिए!"

*

शिरगावच्या एका बिल्डिंगमध्ये तर व्हायरस लग्नातून आला. फोटोवाल्याने लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर दिले, आणि तो पेनड्राइव्ह पेढ्यांच्या ताटासारखा दारोदार फिरला. ज्याने ज्याने लावला, त्याच्याकडे लाल डबा.

मी एकेक घर साफ करत वर चालले होते. कोणत्या मशीनमध्ये व्हायरस कधी शिरला, ते फायलींच्या तारखांवरून कळतं. हे मी बोलता बोलता खालच्या मजल्यावर, नवरीच्या माहेरी, बोलून गेले. तिसऱ्या मजल्यावर नवऱ्यामुलाच्या आत्याबाई माझी वाटच बघत होत्या. कंप्युटर चालू होईपर्यंतही त्यांना दम नव्हता. दार लोटून घेत त्यांनी विचारलं,

"खरं सांग, आमच्याकडे आधी आला, की तिच्या माहेरच्यांकडे?"

मी तारखा पाहिल्या आणि सांगितलं की तुमच्याकडे आधी. त्यांचा चेहरा उजळला.

"मग असू दे. मान ठेवला म्हणायचा."

*

आता आमच्या शेठबद्दल. शेठचा नियम एकच होता, व्हायरस दिसला की फॉरमॅट मार. फॉरमॅट म्हणजे कंप्युटर पुसून कोरा करायचा. व्हायरस जातो, आणि पोराच्या बारशाचे फोटोही जातात. पण घर झटपट मोकळं होतं, दिवसाला जास्त घरं होतात. सगळी लाईनच तसं करायची.

मी करत नव्हते. काउंटरवर असताना मी पाहिलं होतं, फॉरमॅट मारून दिलेला कंप्युटर घेऊन एक बाई परत आल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, फोटो कुठे गेले? शेठ म्हणाले, नवे काढा. बाई निघून गेल्या, आणि मला इतका राग आला की त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही. व्हायरसने काय नेलं असतं? जे नेलं ते आपणच नेलं.

त्यामुळे जिथे दुकानाची पद्धत अर्ध्या तासाची, तिथे मी अर्धा दिवस बसायचे. एक दिवस शेठ वैतागून म्हणाले, "आज जहाँ जा रही है, उधर फॉरमॅट मार. नहीं तो मैं खुद आ के बॅग ले जाऊँगा."

*

त्या दिवशी जायचं होतं अंबरनाथला, मोरिवलीत. गायकवाडकाका, एमआयडीसीतल्या एका कंपनीतून रिटायर झालेले, युनियनचे जुने माणूस. त्यांच्या मॉनिटरवर खालच्या कोपऱ्यात कॅलेंडरचं पान चिकटवलेलं. मी विचारलं, हे काय?

"नोटीस लागलीय तिथं. संपाच्या टायमाला गेटवर अशाच लागायच्या, लाल अक्षरात. पैसे भरा नायतर वाटोळं. तेव्हा घाबरलो नाय, आता काय घाबरतोय?"

पान उचलून पाहिलं, खाली लाल डबा.

बाकीच्या दुकानांनी त्यांना फॉरमॅटच सांगितलं होतं, आणि काकांनी प्रत्येकाला बाहेरचा रस्ता दाखवला होता. कारण आत काकूंचं गाणं होतं. काकू चौदा एप्रिलला, जयंतीला गायच्या. घरी टेप केलेली कॅसेट पुतण्याने कंप्युटरमध्ये भरून दिली आणि नंतर ती टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून तुटली. काकू मागच्या साली गेल्या. आवाज आता फक्त त्या डब्याच्या पाठीमागे होता, आणि डबा काहीच उघडू देत नव्हता.

मी बसले. साफ करायचा प्रोग्राम लावला की डबा त्याचं नाव ओळखून त्याला बंद पाडायचा. शेवटी मी प्रोग्रामचं नावच बदललं. "लग्नाचे फोटो" असं ठेवलं. डब्याने निमूट आत सोडलं!

काका हसले. "आमी पण दुसऱ्याच्या कार्डावर गेटातनं आत गेलोय."

तेवढ्यात शेठचा फोन आला. फॉरमॅट मारलं का? मी नाही म्हटलं. मारणारही नाही म्हटलं. फोन कट झाला. मी काम थांबवलं नाही. काका सगळं ऐकत होते. त्यांनी चहा टाकला.

दुपार कलली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काकांनी कॅलेंडरचं पान काढलं. कोपरा रिकामा होता. मी फाइल शोधली, लावली, आणि खोलीत काकूंचा आवाज आला. खडा, मोकळा आवाज.

तेव्हाच बाहेर स्कूटर थांबली. दारात परसूशेठ, घामाघूम. त्यांची नजर सरळ बॅगेवर गेली.

काका जागचे हलले नाहीत. "कोण तुमी?"

"मैं मालिक हूँ, दुकान का."

"इंजिनियर आत काम करतायत. चपला काढून या, आणि आवाज करू नका."

शेठनी चपला काढल्या. भिंतीला टेकून खाली बसले. गाणं चालू राहिलं. मध्येच टेपमध्ये कुकरची शिट्टी झाली, आणि काकू गाता गाता थांबून म्हणाल्या, "अहो, गॅस बंद करा."

काका अर्धवट उठले.

मग पुन्हा बसले. गाणं पुढे सरकलं आणि संपलं.

शेठ उठले. बॅग त्यांनी उचलली, बाहेर नेऊन स्कूटरच्या हुकाला अडकवली. मी चपला घालत होते. स्कूटरला किक मारून त्यांनी मागे पाहिलं.

"बैठ. अगला घर किधर है?"