शेंदराखालचं पोलाद

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत जम बसवला होता. त्याआधी नाशकातल्या एका बंदूक दुरुस्तीच्या दुकानात काम शिकलो. गिऱ्हाइकाशी भांडलो म्हणून मालकानं मला हाकललं. गिऱ्हाईक खोटं बोलत होतं, हे त्यालाही माहीत होतं. ते मी आजही विसरलेलो नाही.

नाशिक रोडच्या एका कॉलनीत कळवणकडची एक आजी मुलाकडे राहायची. तिचं पितळी घंगाळ बघायला गेलो. माझा भाव ऐकून ती म्हणाली, "देवळाबाहेर बस, तिथं जास्त मिळतील."

मी चिडून चपला घालत होतो, तर तिनं विचारलं, "बंदुकीतलं काही कळतं का रे तुला?"

देवघरातून तिनं फडक्यातलं रिव्हॉल्वर आणलं. तिच्या सासऱ्याचं. परवाना आता तिच्या नावावर होता. नळीवर गंजाचे पापुद्रे आणि मागे चक्रीपासून मुठीपर्यंत नुसता शेंदराचा गोळा. त्यांच्या गावाकडच्या गडावरच्या देवीला शेंदूर लावतात, तसाच घरच्या शस्त्रालाही, म्हणून आधी सासूनं आणि मग हिनं दर खंडेनवमीला तेलात कालवलेला शेंदूर थापला होता. शेंदूर न लागलेल्या नळीवर हळदी-कुंकवाचं पाणी. गोळ्यांची चक्री जागची हलत नव्हती.

"दुकानदार म्हणाला, मेलंय हे. पोलिसात जमा करा, ते तोडून टाकतील. दसरा झाला की मुलगा नेणार हाय."

कोणता दुकानदार, ते विचारलं. माझाच जुना मालक. माझं डोकं तापलं.

"मी फिरवून दाखवतो. फिरलं तर घंगाळ माझं."

"आणि नाय फिरलं तर?"

"तर मजुरी नको."

"मजुरी देत कोण होतं तुला?"

हत्यार घराबाहेर नेता येत नव्हतं, म्हणून तिच्याच ओट्यावर बसलो. आजी समोर तांदूळ निवडत पहाऱ्याला. आधी बॅटरी मारून चक्रीतली गोळ्यांची सगळी घरं रिकामी असल्याची खात्री केली. मग रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं आणि रोज येऊन बांबूच्या काडीनं शेंदूर उकरू लागलो. पॉलिश पेपर लावला असता तर काम लवकर झालं असतं, पण ओरखडे उठले असते. मनात आजीला शिव्या घालत होतो. पूजा करून करून चांगल्या वस्तूचं वाटोळं केलं!

एका सकाळी शेंदराचा मोठा तुकडा कवचासारखा निघाला. खाली गंज नव्हता. काळं-निळं पोलाद होतं, कारखान्यातून आलं तेव्हाची झिलई तशीच राखून असलेलं. त्यात माझी बोटं दिसत होती. चक्रीवर कोरलेली बारीक वेल पानांसकट शाबूत होती. मी हात मागे घेतला. इतकी जुनी वस्तू इतकी कोवळी दिसू शकते, हे मला माहीतच नव्हतं. जिथं शेंदूर होता तिथं हवा आणि पाणी शिरलंच नव्हतं. गंज चढला होता तो उघड्या नळीवर.

तेलाचे दोन थेंब सोडून अंगठ्यानं चक्री ढकलली. कट्. पुन्हा कट्.

आजीच्या हातातलं सूप खाली आलं. "सासरे दसऱ्याला असंच फिरवायचे. आवाज आला की आम्ही बाया आत पळायचो." तिनं स्वतः फिरवून पाहिलं. "आता कोण नेतंय ते बघते."

मग ती हळदी-कुंकवाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तो हिसकावलाच. "पाणी नाही लावायचं!" आणि शेंदराची वाटी तिच्यापुढे सरकवली. "हा लावा. भरपूर लावा."

घंगाळ सायकलला बांधलं आणि मुद्दाम जुन्या मालकाच्या दुकानावरून गेलो. तो दारातच उभा होता; घंगाळाची पैज आजीच्या मुलानं त्याच्या कानावर घातली होती.

"म्हातारीचं घंगाळ ना ते? फिरलं की काय?"

"फिरलं."

"कशानं?"

इतकी वर्षं त्याला ऐकवायचं साठवलं होतं, पण डोळ्यांपुढे ते निळं पोलाद होतं. जे खरं तेच तोंडातून गेलं.

"शेंदरानं."

मी टिंगल करतोय असं वाटून तो लाल झाला आणि रस्त्यावर सगळ्यांदेखत मला शिव्या देऊ लागला. आयुष्यात पहिल्यांदाच मी उलट बोललो नाही.